डुकरांचा ताप आणि गावाची लस: नाशिककडच्या नव्या वराहपालकांसाठी

वराहपालन करायचं म्हणून माझ्याकडे चौकशीला येणारा माणूस पहिल्या अर्ध्या तासात तीन गोष्टी विचारतो: जात यॉर्कशायर घेऊ की लँडरेस, शेडला खर्च किती येतो, आणि माल कोण उचलतो. जो प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा तो येतच नाही. तुमच्या भागात डुकरांना शेवटची लस कधी टोचली?

मीही विचारला नव्हता. सिन्नर तालुक्यात शेड उभं केलं, एका व्यापाऱ्याकडून ४० पिल्लं आणली आणि सव्वा महिन्यात त्यातली ३१ खड्ड्यात पुरली. बरं, लस टोचली नव्हती असंही नाही. आणल्यावर आठव्या दिवशी टोचली होती. पण ताप त्यांच्यासोबतच गाडीतून उतरला होता. आधीच आजार अंगात घेऊन आलेल्या जनावराला लस वाचवत नाही, हे मला ३१ पिल्लांच्या भावात समजलं.

म्हणून हा लेख शेडच्या मापांपासून सुरू होत नाही.

आधी ताप ओळखा, कारण ताप दोन आहेत

ज्याच्यासाठी लस आहे तो क्लासिकल स्वाइन फीव्हर. जुने लोक त्याला नुसता 'डुकरांचा ताप' म्हणतात, जुन्या पुस्तकांत हॉग कॉलरा असं नाव सापडतं. आजार विषाणूचा, त्यामुळे त्यावर औषध नाही. अँटिबायोटिकची इंजेक्शनं देऊन खर्च तेवढा वाढतो. निरोगी डुकराचं तापमान साधारण १०२ फॅरनहाइट असतं, या आजारात ते १०५ ते १०७ पर्यंत चढतं. पिल्लं एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडतात, खाणं सोडतात, डोळ्यांना चिपडं येतात. आधी विष्ठा घट्ट होते, मग हगवण लागते. मागचे पाय लटपटतात. कानांची टोकं, पोट, मांड्यांची आतली बाजू जांभळट पडते. लहान पिल्लांत तीव्र साथ आली तर दहातली नऊही जातात.

दुसरा आफ्रिकन स्वाइन फीव्हर. नावं सारखी, लक्षणंही जवळपास सारखीच, पण विषाणू पूर्णपणे वेगळा. भारतात तो २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला, २०२२ मध्ये केरळात वायनाडला आणि मध्य प्रदेशात रीव्याला पोहोचला. त्यावर आपल्याकडे वापरात असलेली लस नाही. क्लासिकलची लस आफ्रिकनपासून वाचवत नाही. कोणी बाटली दाखवून 'ही दोन्हींवर चालते' म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

नुसतं बघून या दोन तापांतला फरक भल्या भल्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही, तो प्रयोगशाळाच सांगते. आणि घरच्यांसाठी एक खुलासा करून ठेवा: हे दोन्ही ताप माणसाला होत नाहीत. स्वाइन फ्लू वेगळा. माझ्या शेडवर मर झाली तेव्हा निम्मे पाहुणे नावातल्या 'स्वाइन'ला घाबरून वर्षभर आले नाहीत. त्यात थोडा फायदाही झाला, ते असो.

पिल्लं आणण्याआधी दवाखाना गाठा

तुमच्या गावाला लागणारा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता, हे आधी शोधा. तिथे पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक भेटतील. तिथे जाऊन सांगा, 'मी अमुक गट नंबरच्या जमिनीत इतकी डुकरं ठेवणार आहे.' तेवढं सांगण्याचा उपयोग फार मोठा आहे. गायी-म्हशींच्या लसीकरणाची फेरी ठरलेली असते, शेळ्यांची गणती असते. डुकरं कोणाकडे किती आहेत हे मात्र बऱ्याचदा कागदावर नसतं. जे कागदावर नाही त्याच्या नावानं लस मागवली जात नाही.

केंद्राच्या पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमात क्लासिकल स्वाइन फीव्हरची लस मोडते आणि तिचा खर्च केंद्र उचलतं. लाळ-खुरकूतच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही, जो २०१९ मध्ये सुरू झाला, डुकरं धरलेली आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण 'लाळ-खुरकूत गाईंचा रोग' असं समजून लोक डुकरं लपवतात. लाळ-खुरकूत झालेलं डुक्कर श्वासावाटे गाईपेक्षा कितीतरी जास्त विषाणू हवेत सोडतं. तुमच्या डुकरांमुळे शेजाऱ्याची दुभती गाय आटली, तर भांडण पिढ्यान् पिढ्या चालेल.

डुकराच्या कानात १२ अंकी बिल्ला मारून घ्या. त्याची नोंद भारत पशुधन या प्रणालीत होते आणि लसीची तारीख त्या अंकाखाली चढते. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा नंबर १९६२. तो शेडच्या भिंतीवर रंगवून ठेवा, मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच दिवशी संपते.

एकट्याच्या लसीचं गणित का बसत नाही

इथे जरा थांबून वाचा.

समजा गावात सगळ्यांची मिळून १०० डुकरं आहेत, त्यांतल्या १५ माद्या आहेत. जूनमध्ये फेरी आली आणि ९० डुकरांना लस टोचली. नव्वद टक्के, उत्तम. आता डुकरिणीचा गाभणकाळ ११४ दिवसांचा. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं धरलं की विसरत नाही. एका वेतात आठ पिल्लं वाचली असं धरा. डिसेंबरपर्यंत १२० नवी पिल्लं आली आणि जुन्यांतली ५० विकली गेली. उरलेल्या ५० जुन्यांपैकी ४५ लस घेतलेली. म्हणजे डिसेंबरात गावात १७० डुकरं, त्यांतली ४५ सुरक्षित. जेमतेम २६ टक्के. कोणी चुकलं नाही, कोणी लस नाकारली नाही, तरी नव्वदचे सव्वीस झाले.

गाईला वर्षातून एक वासरू होतं, म्हणून गाईची फेरी सहा महिन्यांनी आली तरी निभावतं. डुकरांत प्रजा इतकी झपाट्यानं बदलते की फेरी-फेरीच्या मधली पिल्लं धरली नाहीत तर सगळी मेहनत पाण्यात. साथीला पसरायला जागा उरू नये म्हणून एखाद्या भागातली किमान ८० टक्के डुकरं कायम सुरक्षित असावीत, असं साधारण धरलं जातं. 'कायम' हा शब्द महत्त्वाचा. फेरीच्या फोटोच्या दिवशी नव्हे.

त्यामुळे फेरीची तारीख लक्षात ठेवून भागत नाही, वेताची तारीख वहीत हवी. आमच्या वराहपालकांच्या गटात आम्ही एवढंच केलं. ज्याची मादी व्याली त्याने त्याच दिवशी ग्रुपवर लिहायचं. मग दोन महिन्यांनी लस, असं गणित मांडून महिन्याला एक दिवस पक्का केला.

पिल्लाला कधी, मादीला कधी

डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात असताना संरक्षण मिळत नाही. ते सगळं चिकातून येतं, तेही पहिल्या दिवसभरातच. पहिल्या सहा तासांत प्रत्येक पिल्लू थानाला लागलं पाहिजे, अशक्त पिल्लाला हातानं लावा. आईला लस असेल तर तिच्या चिकातलं संरक्षण पिल्लाला पुढचे काही आठवडे पुरतं. अडचण अशी, की तेच संरक्षण लसीलाही मारून टाकतं. घाई करून वीस दिवसांच्या पिल्लाला टोचलं तर डोस वाया जातो आणि आपण निर्धास्त बसतो. म्हणून लस घेतलेल्या आईची पिल्लं साधारण आठ आठवड्यांची झाली की टोचायची. आईला लसच नसेल किंवा शेजारी साथ चालू असेल, तर दिवस बदलतात. ते डॉक्टरांना ठरवू द्या, माझं ऐकून ठरवू नका.

मादीला पिल्लं तोडली की, पुन्हा नर दाखवण्याआधी लस द्यायची. हा हिशोब सोपा पडतो, कारण दोन्ही कामं एकाच सुमारास येतात. गाभण मादीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. नराला विसरू नका. बरेच जण विसरतात, आणि भाड्यानं फिरणारा नर हा तालुक्याचा पोस्टमन असतो.

पुढची मात्रा लसीच्या प्रकारावर ठरते. पूर्वीची लस सशांत वाढवायचे. एका सशापासून साधारण ५० डोस निघत, म्हणून कायम तुटवडा. २०२० मध्ये बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची पेशींत वाढवलेली देशी लस जाहीर झाली आणि ससे सुटले. लसीच्या बाटलीवरचं नाव, बॅच क्रमांक, मुदत हे वहीत उतरवून घ्या. पुढची तारीख त्यावरूनच निघेल.

लसीच्या आठ-दहा दिवस आधी जंतांचं औषध द्या. तापलेलं, हगवण लागलेलं, नुकतंच प्रवास करून आलेलं किंवा नुकतंच खच्ची केलेलं पिल्लू त्या दिवशी बाजूला ठेवा आणि वहीत 'राहिलं' असं लिहा. राहिलेल्यांची यादी नसेल तर ते राहूनच जातात.

लसीचा दिवस

लस जिवंत असते. बाटलीत कोरड्या वडीसारखी दिसते, पण आत जिवंत, कमजोर केलेला विषाणू असतो. तो उन्हात मेला तर तुम्ही पाणी टोचत आहात. मे महिन्यात मालेगाव-नांदगावकडे पारा चाळीशी ओलांडतो. मोटारसायकलच्या डिकीत अर्ध्या तासात लसीची चटणी होते. २ ते ८ अंशांत, बर्फाच्या पेटीत, आणि बर्फाला बाटली थेट न चिकटवता, मध्ये कागद घालून न्यायची. घरच्या फ्रीजच्या दारात ठेवायची नाही. दार दिवसातून चाळीसदा उघडतं, आणि भारनियमनाच्या रात्री काय झालं हे सकाळी कळत नाही.

सोबतचं द्रावणही थंड हवं. मिसळल्यावर दोन तासांत बाटली संपवायची, उरलेली टाकायची. उद्यासाठी ठेवायची नाही, कितीही जीव तुटला तरी. सिरिंज उकळून थंड केलेली असावी. डेटॉल किंवा स्पिरिटनं धुतलेल्या सिरिंजमध्ये जिवंत लस मरते. सुई प्रत्येक डुकराला वेगळी असेल तर सर्वात चांगलं. निदान प्रत्येक वेताला तरी बदला, कारण एक आजारी पिल्लू आणि एक सुई मिळून अख्ख्या शेडला रोग वाटू शकतात. टोचायचं कानाच्या मागे, मानेत. मांडीत नको, तिथे गाठ आली की गिऱ्हाईक भाव पाडतं.

आता या दोन तासांच्या नियमातून एक गोष्ट आपोआप निघते. बाटली एका डोसाची नसते, अनेक डोसांची असते. तुमची सहाच पिल्लं असतील तर एवढ्यासाठी बाटली फोडायची की नाही, असा प्रश्न डॉक्टरांना पडणारच. लोक म्हणतात, 'दवाखान्यात टाळतात.' मीही चिडलो होतो. मग एकदा आम्ही चौघांनी मिळून २३ पिल्लं जमवली, एकाच सकाळी, आणि फोन केला. दुसऱ्याच दिवशी लस झाली. गाव एकत्र येण्याचे फायदे भाषणात खूप ऐकले, हा पहिला प्रत्यक्ष पाहिला.

मोकाट डुकरं आणि अण्णा

प्रत्येक गावात एक अण्णा असतात. आमच्या अण्णांची तीस-चाळीस डुकरं दिवसभर नाल्यात, उकिरड्यावर फिरतात, संध्याकाळी आपसूक परततात. पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. त्यांना पहिल्यांदा सांगायला गेलो:

"अण्णा, उद्या दवाखान्याची माणसं येणार आहेत. सकाळी सोडू नका."

"अरे, माझी डुकरं कशानं मरतील? उकिरड्यावर वाढलीत ती. तुझी विलायती, ती मरतात."

अण्णांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. काही डुकरांना ताप हलका होतो, दीर्घकाळ राहतो, ती मरत नाहीत पण विषाणू सोडत राहतात. गाभण मादीला तसा हलका ताप होऊन गेला तर तिच्या पोटातून जन्मलेली काही पिल्लं दिसायला धडधाकट आणि आतून रोगाची टाकी असतात. अण्णांची डुकरं मरत नव्हती, माझी मरत होती. आणि नाला एकच होता.

वाद घालून काही झालं नाही. मार्ग निघाला तो असा: चार दिवस आधीपासून त्यांच्या वाड्यात पहाटे भरड्याचं पातळ खाणं घातलं, खर्च आम्ही वाटून घेतला. चौथ्या दिवशी डुकरं बाहेर जाण्याआधी दाराला फळी लावली. ३४ सापडली. पुढच्या वेळी अण्णांनी स्वतः फोन केला, कारण खाणं फुकट होतं.

शहरालगत असाल तर हा प्रश्न आणखी बिकट आहे. गोदाकाठी, नाल्यांकडेला फिरणाऱ्या डुकरांचा मालक कोण हे लसीच्या दिवशी कळत नाही आणि भरपाईच्या दिवशी सगळे कळतात. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या बाजूला रानडुकरं आहेत. त्यांना आपण टोचू शकत नाही, म्हणून तिथे शेडला पक्कं कुंपण हाच उपाय. जपानमध्ये क्लासिकल ताप २६ वर्षं नव्हता. २०१८ मध्ये गिफू प्रांतात परत आला आणि रानडुकरांत शिरल्यावर त्यांना पुन्हा लसीकरण सुरू करावं लागलं. इतक्या शिस्तीच्या देशाची ही गत.

खरकटं, गाडी, बूट

यावर थोडक्यात. महामार्गावरच्या ढाब्यांचं आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कँटीनचं खरकटं हा आपल्याकडचा स्वस्त खुराक. त्यात डुकराच्या मटणाचा तुकडा आला तर रोगही आला, कारण थंड किंवा खारवलेल्या मांसात हा विषाणू महिनोन् महिने टिकतो. खरकटं ढवळत ढवळत ९० अंशांवर तासभर शिजवायचं. ज्याला सरपण परवडत नाही त्याने खरकटं घेऊ नये.

व्यापाऱ्याची गाडी शेडपर्यंत येऊ देऊ नका, माल रस्त्यावर नेऊन द्या. दाराशी २ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचं टब ठेवा, आणि बूट आधी घासून मग बुडवा. शेणामातीवर औषध काम करत नाही. नवीन डुक्कर किमान ३० दिवस वेगळं. ही एक ओळ मी पाळली असती तर ३१ चा आकडा या लेखात नसता.

मर सुरू झाली तर

दोन डुकरं एकाच दिवशी तापली आणि खाणं सोडलं, तर त्याच तासाला फोन करा. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार कळवणं मालकाचं कर्तव्यच आहे. दोन्ही ताप त्या कायद्याच्या यादीत आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी, डॉक्टर येईपर्यंत काय करायचं नाही ते लक्षात ठेवा. उरलेली डुकरं घाईनं विकायची नाहीत. मेलेलं नाल्यात टाकायचं नाही. कापून 'बघायचं' नाही. तुम्ही दुसऱ्याच्या शेडवर जायचं नाही, सल्ला मागायलासुद्धा.

डॉक्टर जिवंत जनावराचं रक्त घेतील, मेलेल्यातून प्लीहा, टॉन्सिल, लसिकाग्रंथी काढतील. बर्फातून ते पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे जातं. नाशिकहून दोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, म्हणून बर्फ भरपूर द्या, त्यात कंजुषी नको. तुम्ही लस कधी दिली ते लेखी सांगा. जिवंत लस घेतलेल्या डुकराच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आणि आजार होऊन गेलेल्याची प्रतिपिंडं नेहमीच्या चाचणीत सारखीच दिसतात. तारीख नसेल तर अर्थ लावता येत नाही.

क्लासिकल निघाला तर आजूबाजूच्या निरोगी डुकरांना बाहेरून आत, असं कडं करून लस देतात. टोचणारी माणसं आधी निरोगी शेडवर जातील, तुमच्याकडे शेवटी येतील किंवा येणारच नाहीत. राग मानू नका, तेच बरोबर आहे. आफ्रिकन निघाला तर लसीचा प्रश्नच नाही. एक किलोमीटरच्या आतली डुकरं नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. भरपाई मिळते, पण तिच्यासाठी डुक्कर नोंदवलेलं असणं फार सोयीचं पडतं. बिल्ल्याची आठवण लोकांना तेव्हा येते.

मेलेली डुकरं खोल खड्ड्यात, चुना घालून, विहिरीपासून लांब पुरा. पोटं फुगून माती वर येते, म्हणून वरून किमान सहा फूट माती हवी. आमच्याकडे कुत्र्यांनी एक उकरलं होतं, त्याची भीती अजून जात नाही.

महिन्याचा एक दिवस

आमच्या गटाचा दिवस आता महिन्याचा दुसरा मंगळवार आहे. सोमवारी रात्री ग्रुपवर आकडे येतात: कोणाची आठ, कोणाची अकरा. ज्याच्याकडे कमी असतील त्याची पिल्लं दुसऱ्याच्या शेडवर न्यायची नाहीत, डॉक्टर आणि पेटी फिरते, डुकरं फिरत नाहीत. नव्या माणसाची ही चूक हमखास होते. सुरुवात नेहमी ज्याच्याकडे गेल्या महिन्यात कोणतीच तक्रार नव्हती त्याच्यापासून होते, आणि प्रत्येक दारात बूट बुडवूनच आत.

बाटलीत चार-पाच डोस उरतात आणि घड्याळात वीस मिनिटं. तेव्हा कोणीतरी अण्णांना फोन लावतं, "फळी लावून ठेवा, आलोच."